अस्वल, टोपी आणि मध

सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी खेळ भरतात, त्यात रोलप्लेइंगचं टेबल मी चालवतो. चालवतो म्हणजे गोष्ट मी सुरू करायची आणि बाकीच्यांनी तिची वाट लावायची. सिस्टिम, म्हणजे कुठल्या नियमांचा खेळ घ्यायचा, हा निर्णय मात्र माझ्या गळ्यात.

सगळे म्हणतात, डंजन्स अँड ड्रॅगन्स घ्या. 1974 पासून चालू आहे, नाव कानावरून गेलेलं असतं, टेबल भरतं. पण खेळाडूंचं पुस्तकच तीनशेहून जास्त पानांचं. पात्रं आयती तयार करून नेली नाहीत, तर 'एल्फ होऊ की बुटका' यातच जेवणाची वेळ होते.

1977 च्या ट्रॅव्हलरमध्ये तर पात्र तयार होता होताच मरू शकतं. सुट्टीची झोप मोडून आलेल्या माणसाला 'तुम्ही वारलात, चहा घ्या' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

कॉल ऑफ कथुलू समजायला सोपा. कौशल्य पंचेचाळीस टक्के असेल, तर फाशांवर शंभरात पंचेचाळीस किंवा त्याहून कमी पडायला हवेत. टक्केवारीत वाढलेल्या आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही. फक्त कमी पडल्यावर आनंद मानायचा, हे पालकवर्गाच्या पचनी पडत नाही. शिवाय तो भयकथांचा खेळ. खालच्या मजल्यावर बारशाचा पाळणा चालू असताना समुद्रतळाच्या राक्षसाला कोण भिणार?

ड्रेडमध्ये फाशांऐवजी जेंगाचा मनोरा असतो, तो पडला की पात्र गेलं. आमच्या हॉलचा पंखाच चार-पाच जणांना मारेल.

म्हणून हल्ली मी ग्रँट हॉविटचा हनी हाइस्ट नेतो. नियम एका पानात. तुम्ही सगळे अस्वलं, मध चोरायचा आहे. अस्वलपणाचे गुण तीन, गुन्हेगारीचे तीन. बेत फसला की एक गुण अस्वलपणाकडे सरकतो. तिथे सहा झाले की तुम्ही पार जनावर होता आणि प्राणी पकडणारे येऊन घेऊन जातात.

एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आधी विचारलं, "यात जिंकतं कोण?" कोणीच नाही म्हटल्यावर ते उठायच्याच बेतात होते. पण अस्वलाला टोपीही मिळतेय म्हटल्यावर बसले. थोड्या वेळाने बघतो तर चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल, कागदाच्या मागे तिजोरीचा नकाशा! "किल्ल्या दोघांकडे असणार. वॉचमन जेवायला कधी जातो ते आधी काढा." लॉकर सांभाळण्यात उभी हयात गेलेल्या माणसाच्या मनात काय काय साठलेलं असतं!

जुने खेळाडू नाक मुरडतात. त्यांच्या पात्रांना पूर्वजांसकट इतिहास असतो. त्यांना वेगळं टेबल द्यावं, वेळही भरपूर द्यावा. दारातून पहिल्यांदा आत येणाऱ्यासाठी मात्र दहा मिनिटांत सुरू होईल तेच काढावं, मग आपल्या लाडक्या सिस्टिमचे जाडजूड ग्रंथ घरी कपाटात राहिले तरी चालेल.

तुम्हीही या एखाद्या रविवारी. पेन्सिल तेवढी आपली आणा. टोपी कुठली घालायची, ते फासा ठरवेल.