पारख्यांची पट्टी

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात दोन गोष्टींचा भाव रोज निघतो: केळीचा आणि क्रिकेटच्या निवड समितीच्या अध्यक्षाचा. केळीचा भाव निदान संध्याकाळपर्यंत टिकतो. अध्यक्षाचा भाव नाणेफेकीला एक, पहिली विकेट पडली की दुसरा, आणि सामना हरला की माणूस थेट वापसीच्या ढिगात.

अजित आगरकर जुलै २०२३ मध्ये या खुर्चीवर बसले. २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा चहाच्या टपरीवर एकमताने ठराव झाला की माणसाला नजर आहे. नोव्हेंबर उजाडला, न्यूझीलंडने आपल्या घरात येऊन तिन्ही कसोट्या जिंकल्या. त्याच टपरीवर, त्याच बाकावर नवा ठराव: ‘याला बसवला कोणी?’ मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स करंडक आला आणि तोही ठराव रद्द झाला. इतक्या वेळा तर कुठली नगरपालिकाही ठराव फिरवत नाही.

हा आजार एकट्या खान्देशाचा नाही. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉल संघांना जनरल मॅनेजर असतो. कॉलेजातली पोरं पारखून घेण्याचा त्याला पगार मिळतो आणि उरलेला देश त्याच्या पारखीची पारख फुकट करतो. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने टॉम ब्रेडीला १९९ व्या क्रमांकावर उचललं. पठ्ठ्याने या संघाला सहा सुपर बोल जिंकून दिले आणि संघाच्या नजरेचे पोवाडे सुरू झाले. पण त्याच निवडीत त्याच संघाने ब्रेडीच्या आधी सहा पोरं घेतली होती. नजर एवढी तेज होती, तर सहा वेळा ती कुठे गेली होती, हे विचारायचं नसतं. पोवाड्यात हिशेब बसत नाही.

आता आपल्या घरचा हिशेब काढू. दिलीप वेंगसरकर २००६ ते २००८ निवड समितीचे अध्यक्ष होते. २००७ च्या मार्चमध्ये त्यांच्या समितीने निवडलेला संघ वन-डे विश्वचषकात पहिल्याच फेरीत बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून घरी आला. लोक पुतळे जाळायच्या तयारीत. सप्टेंबरात त्याच समितीने धोनीच्या हाती दिलेला संघ टी-ट्वेंटीचा विश्वविजेता झाला. लोक हार घालायच्या तयारीत. समिती तीच, वर्ष तेच. सहा महिन्यांत नजर गेली आणि परत आली, म्हणजे मोतीबिंदूच असला पाहिजे.

पुढच्या वर्षी तर कमाल झाली. २००८ च्या श्रीलंका दौऱ्यासाठी वेंगसरकरांनी तमिळनाडूचा फलंदाज बद्रीनाथ याच्याऐवजी विराट कोहली नावाचं पोरगं धरलं. ऑस्ट्रेलियात नवोदितांच्या स्पर्धेत त्यांनी त्याचं शतक डोळ्यांनी पाहिलं होतं. १८ ऑगस्टला दांबुल्यात कोहली पहिला वन-डे खेळला, धावा १२. सचिन जखमी झाल्यामुळे बद्रीनाथचाही नंबर लागला. दोनच दिवसांनी त्याच मैदानावर त्याने पदार्पण केलं, नाबाद २७, आणि सामना जिंकलेला. टपरीच्या कायद्यानुसार निकाल लागला: वेंगसरकर नापास. सप्टेंबर संपता संपता त्यांची खुर्ची श्रीकांत यांच्याकडे गेली. ती या निवडीपायीच गेली, असं वेंगसरकरांनी पुढे २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तोवर कोहलीच्या धावांचे डोंगर उभे राहिले होते आणि टपरीवरचे अप्पा कपबशी आपटून म्हणत होते, ‘‘मी त तव्हाच सांगितलं होतं, भाऊ!’’ अप्पांनी तेव्हा काय सांगितलं होतं, याची नोंद कुठेच नाही. म्हणूनच अप्पा आजवर एकदाही चुकलेले नाहीत.

खरं तर पारख्याचा हिशेब कसा मांडावा, हे सावद्याला कोणी शिकवायला नको. सकाळी व्यापाऱ्याचा माणूस बागेत शिरतो. घडाखाली उभा राहून मान वर करतो, केळाचे कंगोरे बुजलेत का ते बोटाने चाचपतो, दोन-चार खोडं सोडून पुन्हा तेच करतो आणि रास किती पडेल ते बोलून टाकतो. माल हिरवागार कापला जातो, ट्रक भरतो आणि पिकतो तिकडे दिल्लीत. सांगितलं ते खरं निघालं का, हे विक्रीच्या हिशेबाची पट्टी आल्यावर कळतं. एक घड सोन्यासारखा निघाला म्हणून त्या माणसाला कोणी फेटा बांधत नाही. एक फणी डागी निघाली म्हणून कोणी हाकलतही नाही. अख्ख्या हंगामाच्या पट्ट्या समोर ठेवतात आणि मग बोलतात. मे महिन्यात ४५ अंशांत बाग करपली, तर ते पाप त्याच्या नावावर घालत नाहीत. मग खेळाडूचा गुडघा निखळला की ते पाप निवड समितीचं कसं?

मात्र या पद्धतीतही एक गोम आहे. कापलेल्या घडाची पट्टी येते, बागेत सोडून दिलेल्या घडाची येत नाही. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूचे ८ गडी त्यांनी १६ धावांत उडवले. कसोटी एकही नाही, कारण त्याच जागेवर बिशनसिंग बेदी उभे होते. अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या, पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर गेला, पण भारताची टोपी मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच्याच प्रशिक्षणाखाली भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. ही नावं कोणत्या अध्यक्षाच्या खात्यावर टाकायची? एकाच्याही नाही. निवडलेला फसला तर बोंब होते. वगळलेला चांगला निघाला तर फक्त हळहळ होते, आणि हळहळीवर कोणाची खुर्ची जात नाही. शहाणा निवडकर्ता म्हणून नवं पोरगं घेतच नाही, ओळखीचं नाव पुढे करतो. आपल्या आरडाओरड्याची कमाई ती एवढीच.

तेव्हा मायबाप वाचकहो, एक करा. पुढचा संघ जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी आपले पंधरा जण वहीत लिहा. कोणाला वगळलं आणि का, तेही लिहा. खाली तारीख घाला, सही करा. तीन वर्षांनी ती वही टपरीवर सगळ्यांसमोर उघडा आणि मग आगरकर असो, वेंगसरकर असो की आणखी कोणी, खुशाल शिव्या घाला. वही नसेल, तर चहाचे पैसे द्या आणि बाकावरची जागा दुसऱ्याला द्या.