कंट्रोलरसाहेब

हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही, म्हणूनच विमानातलं कळणारा माणूस इथं गल्लोगल्ली सापडतो. लेकरू पुण्याला शिकलं, बंगळुरूला लागलं आणि अमेरिकेला गेलं, की मागं राहिलेल्या आईबापाच्या ओसरीवर हा माणूस येऊन बसतो. आमचे कंट्रोलरसाहेब त्यांतले अव्वल. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पोरीकडे अमेरिकेलाही जाऊन आले. तिकडं काय पाहिलं ते त्यांना नीट आठवत नाही; शिकागोला बॅगा कुठल्या पट्ट्यावर आल्या ते मात्र तोंडपाठ.

सल्ला मागायची वेळ ठरलेली. ओहायोतल्या कोलंबसहून पोरगं फोनवर सांगत असतं, "बाबा, दोहाला पंचावन्न मिनिटांचा हॉल्ट आहे, पण पैसे बरेच वाचतात." साहेब बापाच्या हातातून फोन घेतात. "लेकरा, पंचावन्न मिनिटांत तुझी माय पूर्णा जंक्शनचा जिना चढत नाही. अन् तिकीट एकच हाय का दोन?"

हा प्रश्न त्यांचा हुकमाचा एक्का. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला, तर विमान हुकल्यावर पुढच्या विमानात बसवणं कंपनीच्या गळ्यात असतं. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी काढली, की मधे बॅग आपणच उचलायची, पुन्हा रांग लावायची आणि पुढचं हुकलं तर पैसेही आपलेच बुडाले. साहेबांच्या भाषेत, "दोन तिकिटं म्हणजे दोन महामंडळं. आपली लालपरी लेट झाली म्हणून तेलंगणाची गाडी थांबती का?"

पोरगंही शिकलेलं असतं. ते म्हणतं, प्रत्येक विमानतळावर गाडी बदलायचा किमान वेळ ठरलेला असतो, त्याहून कमी असता तर कंपनीनं तिकीट विकलंच नसतं. साहेबांना हेही ठाऊक आहे. "तो टाइम पळणाऱ्याचा. माणूस पळंल हो, बॅग कामून पळंल?"

मला विचाराल तर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे. सगळी नोकरी त्यांनी टपावरच्या गाठोड्यांची भांडणं मिटवण्यात काढली. चुकलेला माणूस चौकशीच्या खिडकीशी येऊन शिव्या तरी देतो. परभणीचं गाठोडं पुसदला गेलं तर ते तोंड उघडत नाही.

खरा पेच शिकागोचा. बॅगेला थेट कोलंबसचा टॅग लागलेला असला तरी अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर ती स्वतः उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि परत सोपवायची. वर पाच नंबरच्या टर्मिनलवरून छोट्या रेल्वेनं दुसरीकडं जायचं. तिथं दीड तासाचं कनेक्शन घेणाऱ्याला साहेब सरळ वेड्यात काढतात. तीन तासांखाली ते बोलतच नाहीत. अबुधाबीमार्गे गेलं तर अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच उरकतं, ही माहिती ते आवाज खाली आणून, आजूबाजूला बघून देतात.

मग व्हीलचेअर. "गुडघे चांगले आहेत माझे," असं कुणी म्हटलं की साहेब म्हणतात, "गुडघ्यासाठी नाही बाई, इंग्रजीसाठी." हे मात्र शंभर टक्के खरं. ढकलणारा माणूस रस्ता चुकत नाही, आणि बोलायचं तेही तोच बोलतो.

बॅग भरायच्या दिवशी ती मोंढ्यातल्या ओळखीच्या अडतीवर जाते. तेवीस किलोच्या वर काटा गेला की पहिली गदा लोणच्यावर. वसमतची हळद मोठ्या बॅगेत, कारण अमेरिकेच्या विमानात हातातल्या पिशवीत साडेतीनशे मिलिलिटरहून जास्त भुकटी असली की तपासणी वाढते. पॉवर बँक उलट हातातच. खोबऱ्याच्या वाट्या मात्र बाहेर. सुकं खोबरं आपोआप तापून पेटू शकतं म्हणून चेक-इन सामानात त्याला बंदी आहे. यावर म्हातारी जितकी चिडते तितकी विमान चुकल्यावरही चिडणार नाही. औषधं आणि एक जोडी कपडे जवळ ठेवायचे. बॅग आलीच नाही तर विमानतळ सोडायच्या आधी लेखी तक्रार. भरपाईची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय करारानं १,५१९ एसडीआर ठरवली आहे, असं ते ठणकावून सांगतात. एसडीआर म्हणजे काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

मंडळी निघाली की साहेबांची ड्युटी सुरू. रात्री दोन वाजता मोबाइलवर विमान बघत ते घरोघर फोन लावतात: "हैदराबादहून गाडी हलली!" लोकांची झोप मोडते, हा त्यांचा एकमेव दुर्गुण.

कुणाचं लेकरू परदेशी असेल त्यानं तिकीट काढायच्या आधी त्यांना गाठावं. सकाळी नऊच्या आत बसस्थानकासमोरच्या टपरीवर असतात. चहा तुम्हालाच पाजावा लागेल, पण बॅग चुकण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.