नवसात नसलेलं गाव

धर्मापुरीला जायला कुणाला काही कारणच नाही. अंबाजोगाईला जावंच लागतं. कोकणस्थांची योगेश्वरी तिथं आहे, आणि लग्नानंतर ओटी भरायची राहिली की घरातल्या आजी वर्षभर आठवण करून देतात. परळीला वैजनाथ आहे. ज्योतिर्लिंग खरं कुठलं, परळीचं की झारखंडातल्या देवघरचं, हा वाद भांडणाऱ्यांनी भांडावा; परळीची गर्दी त्यानं हटत नाही. धर्मापुरी दोन्हीकडून तासाभराच्या आत. पण कुळाचारात नाही, नवसात नाही, लग्नपत्रिकेच्या डोक्यावर तर नाहीच.

मोबाइलला विचारावं, तर तो तमिळनाडूतला धर्मपुरी जिल्हा दाखवतो, नाहीतर तेलंगणातली गोदाकाठची धर्मपुरी. तिथं नरसिंह आहे, घाट आहे, यात्रा आहे. तीच गोदावरी आधी बीड जिल्ह्याची उत्तरेकडची शीव धरून जाते, पण या धर्मापुरीकडे वळत नाही. नद्यांनाही नावाजलेल्या ठिकाणी जायची हौस असावी.

हिच्या वाट्याला आलं उत्तर चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वर. नाव महादेवाचं, बाहेरच्या भिंतीवर विष्णूची रूपं. दोघांचं इतकी शतकं बिनबोभाट चाललंय. आणि त्या सुरसुंदरी! कंबर एका बाजूला, मान दुसऱ्या बाजूला, आणि चेहऱ्यावर कष्टाचा मागमूस नाही. आपल्याला बसच्या रांगेत पाच मिनिटं उभं राहिलं की पाय बदलावा लागतो. परळीत मागचा माणूस ढकलतो म्हणून दर्शन आटोपतं. इथं ढकलायला कुणी नाही, त्यामुळे पैंजणांपर्यंत नीट बघता येतं. गावातल्या किल्ल्याच्या तटातही जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत. तट बांधणाऱ्याला दगडाशी काम. नक्षी फुकटात आली.

देवळाशी एका आजोबांनी विचारलं, “कुणाकडं आलाव?”

“कुणाकडं नाही. देऊळ बघायला.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “पुण्याहून? निस्तं बघायला?”

“हो.”

“मोजणीवालं नव्हं ना?”

नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी चहा सांगितला आणि चहा येईपर्यंत शेजारच्याशी माझ्या नोकरीबद्दल दबक्या आवाजात तर्क चालवले.