चूक एकाची, दंड घरादाराला

काकूंच्या नातवाला फुटबॉलच्या स्पर्धेत लाल कार्ड मिळालं, ही बातमी तुंगार्लीच्या आमच्या गल्लीत दुधाच्या आधी पोचली होती. तरी काकू मेंदीच्या कुंपणापाशी आल्या त्या ‘‘ऐकलंस का गं?’’ म्हणतच.

‘‘ऐकलं. पण केलं काय त्याने?’’

‘‘पंचाला उलट बोलला म्हणे. आधी एकदा पिवळं दाखवलेलं, तरी तोंड बंद राहीना. आजोबांवर गेलाय. पण मला सांग, बोलला हा एकटा; बाकीच्या दहा जणांनी काय घोडं मारलं होतं? त्याच्या जागी दुसरा घेऊसुद्धा देत नाहीत!’’

‘‘नियमच आहे तो, काकू. एकेक जाता जाता संघात सातपेक्षा कमी उरले, तर सामनाच थांबवतात. शिवाय हा पुढच्या सामन्यालाही बाहेर.’’

‘‘काढली कुणी ही कार्डं?’’

‘‘केन ॲस्टन म्हणून इंग्लंडचे पंच होते. १९६६ च्या वर्ल्ड कपात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या रॅटीनला बाहेर काढलं. याला त्याची भाषा कळेना, त्याला याची. रॅटीन कितीतरी वेळ हटेचना. सामन्यानंतर ॲस्टन गाडीने घरी निघाले, सिग्नलला अडकले. पिवळा, मग लाल, बघता बघता सुचलं. १९७० ला मेक्सिकोत कार्डं आली. त्या स्पर्धेत लाल एकदाही काढावं लागलं नाही.’’

‘‘सिग्नलला सुचलं ना? रविवारी भुशी डॅमच्या रांगेत उभा करायचा त्याला. अख्खं नियमांचं पुस्तक लिहून झालं असतं.’’ (काकूंच्या मागच्या दोन खोल्या शनिवार-रविवार मुंबईकरांना भाड्याने असतात, ते सोडा.)

‘‘पंचही काही कमी नाहीत,’’ मी म्हटलं. ‘‘२००६ च्या वर्ल्ड कपात ग्रॅहम पोल या पंचाने क्रोएशियाच्या शिमुनिचला एकाच सामन्यात तीन पिवळी दाखवली. दुसऱ्या पिवळ्यालाच बाहेर काढायचं, तर एक पिवळं चुकून ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरच्या नावावर मांडलं. शिमुनिचचाही नंबर तीनच.’’

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. ‘‘आमच्या किराणावाल्याची वही!’’

पण मला खरं सांगायचं होतं ते जर्मनीच्या बालाकचं. २००२ ची सेमीफायनल, जर्मनी विरुद्ध दक्षिण कोरिया, तेही कोरियात. कोरियाचा खेळाडू गोलकडे सुसाट निघालेला. बालाकने त्याला आडवा पाडला आणि पिवळं घेतलं. स्पर्धेतलं आधीचं एक खात्यावर होतंच, म्हणजे फायनल गेली. ते ठाऊक असून चारच मिनिटांनी त्यानेच गोल मारला आणि जर्मनीला फायनलला नेलं. फायनलमध्ये हा बाहेर बसलेला, आणि ब्राझीलने दोन गोलांनी हरवलं.

‘‘अगं बाई! सगळ्यांना जेवायला वाढलं आणि आपण उपाशी.’’

‘‘२०१० पासून क्वार्टर फायनल संपली की एकटदुकट पिवळी पुसून टाकतात. दोन पिवळ्यांपायी फायनल हुकू नये म्हणून.’’

‘‘हे बरं केलं. माझ्या नातवाचं पण पुसतील?’’

‘‘त्याचं लाल आहे, काकू.’’

त्या जरा गप्प झाल्या, म्हणून मी सेनेगलचं काढलं. २०१८ ला गटात जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामना २-२. मग कार्डं मोजली. जपानची पिवळी चार, सेनेगलची सहा. सेनेगल घरी! तीही सारखी ठरली असती तर चिठ्ठी काढायची होती.

‘‘मग कार्डंच बरी,’’ काकूंनी लगेच निकाल दिला. ‘‘चिठ्ठीत कसलं आलंय कर्तृत्व?’’

मला तो निकाल तितकासा पटत नाही. पुढे जाणं नक्की दिसताच जपानने शेवटची दहाएक मिनिटं चेंडू आपसात टोलवत काढली, आणि त्याला कुणी कार्ड दाखवलं नाही. पण काकूंशी वाद घालायचा तर पाऊस थांबलेला लागतो.

‘‘आपल्याकडे होतात का गं असल्या मोठ्या स्पर्धा?’’

‘‘झाली की! २०२२ च्या जानेवारीत महिलांचा आशिया कप. घाट उतरलं की नवी मुंबई, इकडे बालेवाडी. दोन्ही सेमीफायनल बालेवाडीलाच होत्या. कोरोनामुळे प्रेक्षकांना बंदी, म्हणून आपल्याला पत्ता नाही.’’

‘‘आपल्या मुली खेळल्या?’’

‘‘एकच सामना. २० तारखेला नेरूळला इराणशी शून्य-शून्य. मग संघात कोरोना शिरला. २३ तारखेला चायनीज तैपेईसमोर नियमाप्रमाणे किमान तेरा जणी हव्या होत्या, तेवढ्या उभ्या राहू शकल्या नाहीत. यजमान असून स्पर्धेतून बाहेर. इराणशी केलेली बरोबरीसुद्धा रद्द धरली.’’

‘‘आणि कार्ड कुणाला?’’

‘‘कुणालाच नाही. भांडण नाही, धक्का नाही, पंचाला उलट बोलणं नाही.’’

काकूंनी कुंपणावर टाकलेलं ओलं फडकं उचललं. ‘‘त्यापेक्षा आमच्या कार्ट्याचं लाल कार्ड परवडलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘निदान उरलेले दहा खेळले तरी.’’