दहा-अकराचा पाना कुठे ठेवावा

घरात हत्यारं किती झाली म्हणजे ती लावायला घ्यावीत? सोपी खूण सांगतो. वस्तू घरात आहे याची खात्री असूनही ती शोधण्यापेक्षा बोहरी आळीतून नवी आणणं झटपट होऊ लागलं, की वेळ आली. माझ्याकडे या रीतीने तीन पकडी आणि चार टेस्टर जमले. पैकी दिवा लागणारा टेस्टर एकही नाही.

आधी सगळं बाहेर काढा. त्यासाठी घरातली माणसं परगावी लग्नाला गेलेली असावीत. जुनी चादर अंथरा. नवी अंथरलीत तर पुढचं वाचायची गरज उरणार नाही. मग तीन ढीग करा : ‘लागतं’, ‘लागत नाही’ आणि ‘असू दे’. पहिले दोन मिळून एका घमेल्यात मावतील. तिसऱ्याला गॅलरी लागेल. भोसरीच्या कारखान्यात दिवस काढलेल्या कोणालाही विचारा, जपान्यांच्या ‘फाइव्ह एस’मधला पहिला एस, सेइरी, म्हणजे नको ते काढून टाकणं. पण जपान्यांना काय, त्यांच्या घराजवळ बुधवार-रविवार जुना बाजार भरत नाही. तिथून मी शिसवी रंधा आणला, पात्याशिवाय. पातं मिळेल कधीतरी, या आशेवर तो अकरा वर्षं ‘असू दे’त आहे.

आता पाने. ते नंबराने लावायचे. पान्यावरचा आकडा म्हणजे बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. बोल्टची जाडी नव्हे! सहाच्या बोल्टला साधारण दहाचा पाना लागतो, आठच्याला तेराचा. नवशिका इथे हमखास फसतो आणि सहाचा पाना घेऊन स्कूटरखाली अर्धा तास बसतो. मी पाऊण तास बसलो होतो. दुतोंडी पान्यांचा नेहमीचा संच ६-७ पासून चढत २०-२२ पर्यंत जातो. त्यातला १०-११ हरवतो. २०-२२ कधीच हरवत नाही, कारण तो कोणी मागतच नाही.

स्क्रू, वॉशर, चुका यांना श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम. डब्यावर नाव लिहा. ‘इतर’ असा डबा एकच ठेवावा. माझे सात आहेत.

पावसाळ्याआधी लोखंडाला शिवणयंत्राचं तेल पुसा आणि पेटीत खडूचे चार-सहा तुकडे टाका, ते ओल ओढून घेतात. यात थट्टा नाही, खरंच करा.

मग फळी. प्लायवूडवर खिळे मारून हत्यारं टांगायची, प्रत्येकाच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतला आकार रंगवायचा. कारखान्यात याला शॅडो बोर्ड म्हणतात. काय गायब आहे ते दारातूनच दिसतं. उरलेल्या रंगाचा एकेक ठिपका हत्यारांवरही द्या, म्हणजे ओळख राहते. मी पिवळा दिला. माझ्या फळीवर कानस, छिन्नी, करवत जागच्या जागी आहेत. १०-११ च्या जागी मात्र दोन वर्षं नुसताच पिवळा आकार आहे. पाहुण्यांना ती नक्षी वाटते. हातोडाही जागेवर आहे. पण फळी गॅलरीत, आणि गॅलरीच्या दाराशी तिसरा ढीग. त्यामुळे कॅलेंडरचा खिळा बायको खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकते.

उसनं दिलेल्या वस्तूंची वही ठेवा. मी ठेवली होती. ती बहुधा ‘इतर ३’ मध्ये आहे.

शेवटी खंडेनवमी. हत्यारं पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू वाहायचा. वर्षातून एकदा खरी मोजदाद होते ती तेव्हाच. यंदा पूजेला संच पुरा असावा म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या काकांकडे दहा-अकरा मागायला गेलो. त्यांच्याकडे ना फळी, ना डबे. त्यांनी स्वयंपाकघरातला खण ओढला, चमच्यांमधून न बघता पाना काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यावर पिवळा ठिपका होता.

“पूजा झाली की आठवणीने आणून द्या हं,” काका म्हणाले, “तुमच्याकडे गेलेली वस्तू सापडत नाही.”