पैठणीबाईंना अनावृत पत्र

गारखेडा,
छत्रपती संभाजीनगर.

श्रीमती पैठणीबाई यांस,
मु. पो. पैठण (शाखा येवला)

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, आपल्यावाचून हल्ली या शहरात बाईचा सन्मान होईनासा झाला आहे. तशा आपण शेजारच्याच. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर. आपल्या गावच्या नाथसागराचे पाणी आमच्या नळाला येते. कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या. आपले मात्र तसे नाही. संक्रांत असो, नवरात्र असो, भाऊंचा वाढदिवस असो, आपण वेळेवर हजर. आणि 8 मार्च जवळ आला की सूतगिरणी चौकापासून गजानन महाराज मंदिरापर्यंत आपलेच फ्लेक्स. ‘महिला दिनानिमित्त भव्य खेळ पैठणीचा!’ वर साहेब, मध्ये भाऊ, खाली भाऊंचे बारा कार्यकर्ते, आणि कोपऱ्यात हात जोडलेल्या वहिनी. निवडणूक वहिनीच लढवणार आहेत. 2011 पासून पालिकांत निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, म्हणून त्यांना कोपरा तरी मिळाला.

खेळाचे नियम आपण जाणताच. आधी नाव सांगायचे, तेही उखाण्यात, म्हणजे आधी नवऱ्याचे. मग फुगे फुगवायचे, संगीत खुर्चीभोवती पळायचे, एका मिनिटात नवऱ्याच्या तोंडाला जास्तीत जास्त टिकल्या चिकटवायच्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई, बँकेत कर्जाच्या फायली तपासणाऱ्या बाई, वाळूजच्या कारखान्यात पाळी करून आलेल्या बाई, सगळ्या एका रांगेत. कोणी विचारत नाही, बाई, तुम्ही करता काय? विचारतात, यांनी पहिल्यांदा पाहिले कुठे?

या सगळ्याचे मूळ आपल्याला ठाऊक आहेच. 2004 साली झी मराठीवर ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला आणि आदेश भावोजी घरोघरी आपल्याला घेऊन फिरू लागले. खोटे कशाला बोलू? ज्या बायकांकडे पाहुण्यांनी चहापलीकडे काही मागितले नव्हते, त्यांच्याकडे कॅमेरा वळला. त्या हसल्या, लाजल्या, सासूसमोर मोठ्याने बोलल्या. तो आनंद खराच होता, त्याची थट्टा मी करणार नाही. थट्टा आहे ती मंत्रिपदाची. राज्याच्या गृहमंत्र्याच्या हाताखाली पोलीस असतात, आमच्या होम मिनिस्टरच्या हाताखाली कुकर. खाते तिच्याकडे, अर्थसंकल्प नवऱ्याकडे. 2022 साली ‘महामिनिस्टर’ झाले आणि आपली किंमत 11 लाखांवर गेली. मंत्री वाढले, महामंत्री झाले. 1960 पासून या राज्याला महिला मुख्यमंत्री तेवढी मिळायची राहिली. पण त्यात जर आहे कुठे?

बक्षिसावरून खेळणाऱ्याची पत कळते म्हणतात. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात शिवराज राक्षे ‘महाराष्ट्र केसरी’ झाला, त्याला थार गाडी मिळाली. शंकरपटात बैल पळवणाऱ्याला ट्रॅक्टर मिळतो. म्हणजे पुरुष जिंकला तर त्याला बाहेर पडायचे साधन द्यावे. बाई जिंकली तर तिला अंगभर गुंडाळून पुन्हा घरात पाठवावे. पुरुषांची ‘महाराष्ट्र केसरी’ 1961 पासून भरते. बायकांची पहिली भरायला 2023 चा मार्च उजाडला, तीही सांगलीत. तोवर बायकांनी काय करावे? फुगे फुगवावेत.

आपल्या थोरल्या जाऊबाईंचाही उल्लेख करायला हवा: माहेरची साडी. 1991 साली विजय कोंडके यांनी त्या नावाचा सिनेमा काढला आणि अलका कुबल यांच्यासोबत अख्खा महाराष्ट्र रडला. बाईने सोसावे, सोसताना हसावे आणि माहेरच्या साडीची वाट पाहावी, हा धडा गावोगावच्या थिएटरांत हाउसफुल्ल चालला. तीन वर्षांनी, 22 जून 1994 पासून, महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्यांना तेव्हा वगळले होते. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तीही अट गेली. या कायद्यावर कोणी रडले नाही. गावाकडे मात्र एक बिनबोभाट तोड निघाली. बहिणीला दिवाळीला बोलवायचे, पुरणपोळी वाढायची, भारीतली साडी नेसवायची आणि सोमवारी निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही घ्यायची. सही केली तर ती माहेरची लक्ष्मी. नाही केली तर भावाच्या जिवावर उठलेली. मालिकांत अशा बहिणीला काळी टिकली आणि तिरपी भुवई देतात, म्हणजे प्रेक्षकांचा घोटाळा होत नाही.

सरकारनेही आपला कित्ता गिरवला. 2023 साली अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबामागे वर्षाला एक यंत्रमागाची साडी द्यायचे ठरले. रॉकेल गेले, साडी आली. आता राहता राहिली आपल्यासारखी जरतारी बाई, ती भाऊंकडे.

रागावू नका. आपल्याशी वैर नाही. उलट आपला एक गुण मला फार आवडतो. हातमागावरची खरी पैठणी उलटून पाहिली तरी पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. नकलीच्या पाठीला सुटे धागे लोंबतात. बायकांच्या सन्मानाची पाठ मी अशीच उलटून पाहिली. धागे मोजवेनात. खुद्द पैठणात मागावर बसणाऱ्यांत बायकाही आहेत. बांगडी मोर, मुनिया, आसावलीची वेल यांत डोळे घालून एकेक साडी काढायला त्यांना महिनेच्या महिने लागतात. आपला एवढा गौरव होतो, पण खेळाच्या मंचावर त्यांतल्या एकीला कोणी बोलावल्याचे मी पाहिले नाही. साडी जिंकणारी हवी असते. विणणारी आली तर मजुरीचा विषय निघायचा.

हे सारे मला सुचले म्हणून आपण मला फार शहाणी समजू नका. शेजारच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून पुरुषांनी पोथ्यापुस्तकांत, नाटका-कादंबऱ्यांत रंगवलेल्या बाईची पाठ उलटी करून दाखवली होती. प्रती 500, किंमत नऊ आणे. पुढे त्या पुन्हा पुस्तक लिहायला बसल्याचे ऐकिवात नाही. त्या पुस्तकाची आजची एक प्रत बक्षीस म्हणून ठेवली, तर भाऊंचा मंडपाचा खर्चही वाचेल.

आमच्या गारखेड्यात, फ्लेक्स लागतात त्या चौकाजवळच विभागीय क्रीडा संकुल आहे. पहाटे तिथे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली घाम गाळतात. 800 मीटर, मग 100 मीटर, मग गोळाफेक. केस घट्ट बांधलेले, अंगात भावाचा जुना टी-शर्ट. त्यांच्यावर मालिका निघत नाही, कारण त्या रडत नाहीत, आणि धापा टाकणाऱ्या बाईवर पार्श्वसंगीत बसत नाही.

तेव्हा विनंती एवढीच. आपण कपाटात राहा, लग्नाकार्यात मिरवा, आमच्या पैशाने या. बक्षीस म्हणून तेवढ्या येऊ नका. बाईने घर घेतले तर 2021 पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. भाऊंनी मंचावरून तेवढे तरी जाहीर करावे. आणि बक्षीस बदलणे जमतच नसेल, तर निदान प्रश्न बदलावा. उखाणा झाल्यावर माईक तिच्या पुढे धरून विचारावे, “वहिनी, सातबाऱ्यावर नाव कोणाचे?”

जिला उत्तर देता येईल, तिला पैठणी खुशाल द्या.

कळावे, लोभ आहेच, वाढू नये.

आपली,
पाच आहेराच्या साड्या घडी न मोडता फिरवत ठेवणारी,
गारखेड्याची एक वहिनी