मघाचंच बरं होतं

फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरशेजारी एक प्लॅस्टिकचं स्टूल असतं. त्यावर मघाचे बसतात.

मघाचे हे कुणाचं आडनाव नव्हे. साहेबांचा वाढदिवस, मंडळाचा गणपती, पुतण्याचं लग्न, निमित्त काहीही असो, ते हजर होतात. दुकानदाराच्या खात्यावर चहा सांगतात आणि पडद्याला बोट लावून म्हणतात, "जरा उजळ करा." होतं. "अजून थोडं." तेही होतं. "मागचा वाघ मोठा घ्या." वाघ इतका मोठा होतो की साहेब जेवणाच्या वेळी सापडल्यासारखे दिसतात. मघाचे डोळे बारीक करून बघतात, मान वाकडी करून बघतात आणि म्हणतात, "मघाचंच बरं होतं."

मघाचं म्हणजे कुठलं, हे त्यांना विचारायचं नसतं. वाघाच्या आधीचं? की चहाच्या आधीचं? "ते हो, छान होतं ते!"

फोटोशॉप १९९० साली आलं तेव्हा त्यात एकच पाऊल मागे जाता यायचं. त्या काळात मघाच्यांची उपासमारच झाली असती. १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीत हिस्टरी पॅलेट आलं, एकेक पायरी करत बरंच मागे जाता येऊ लागलं आणि यांचे ग्रह पालटले. तरी कंट्रोल झेड पुढं बरीच वर्षं तऱ्हेवाईकच होतं: एकदा दाबलं की मागे, पुन्हा दाबलं की परत पुढे. टेनिसची मॅच बघावी तसे मघाचे त्या दोन चित्रांत मान हलवत बसायचे. २०१९च्या आवृत्तीपासून ते दाबाल तसं मागे मागे जायला लागलं.

पण किती मागे? न सांगता पन्नास पायऱ्या मिळतात. सेटिंगमध्ये हजारापर्यंत वाढवता येतात, पण मग दुकानातला कॉम्प्युटर धापा टाकतो. शिवाय ब्रशचा प्रत्येक फटका ही एक पायरी. साहेबांच्या गालावरचे खड्डे बुजवण्यातच बहुतेक पायऱ्या संपतात, म्हणून मघाच्यांना हवं असलेलं चित्र हटकून एक्कावन्नावं निघतं.

मुरलेला ऑपरेटर अधूनमधून स्नॅपशॉट घेऊन ठेवतो. तेवढ्यात मघाचे नवीनच काढतात: "चेहरा आत्ताचा राहू द्या, मिशी मघाची घ्या." ऐकणाऱ्याला हसू येतं, पण हे जमतं. हिस्टरी ब्रश नावाचं एक हत्यार आहे. जिथून फिरवाल तेवढ्याच जागेवर जुनं चित्र परत उमटतं. ज्यानं ते बनवलं त्याच्याही शेजारी कुणीतरी स्टूल टाकून बसलेलं असणार, अशी माझी खात्री आहे.

मग लाइट जाते. हिस्टरी, स्नॅपशॉट, सगळं जातं. ते फाइल उघडी असेपर्यंतच असतं. उरतं फक्त सेव्ह केलेलं. मघाचे अंधारात विचारतात, "पण कॉम्प्युटरच्या लक्षात असेल ना?"

यावर उपाय आहे आणि शहाणे ऑपरेटर तो करतातच. मूळ फोटोला हातच लावायचा नाही. उजळपणा, रंग, सगळं वेगवेगळ्या लेअरवर ठेवायचं. लेअरपुढचा डोळा बंद केला की मघाचं चित्र समोर. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तरी हे चालतं. मघाच्यांना मात्र ते रुचत नाही. एका क्लिकसरशी परत आलेल्या चित्राकडे ते संशयानं बघतात. "हे ते नाही," म्हणतात. समोरचा माणूस अर्धा तास राबल्याशिवाय त्यांना मघाचं मघाचं वाटतच नाही.

शेवटी कधीतरी फाइल प्रिंटिंगला जाते आणि दुकानदार चौरस फुटाचा हिशेब सांगतो. आता मात्र मघाच्यांना काही आठवावं लागत नाही. मागच्या गणपतीत दुकानदारानं लावलेला दर ते पैशासकट सांगतात, आणि तोच लावायला लावतात.